खुळखुळा लावा, आणि कुरतडला गेला तरी राहू द्या

फुलपाखरांसाठी बाग करायची ठरली की झाडांचे दोन कप्पे पाडले जातात. एक मध देणाऱ्या फुलांचा, दुसरा अळ्यांना पाला पुरवणाऱ्या झाडांचा. कढीपत्ता, लिंबू, रुई, पानफुटी दुसऱ्यात जातात; पहिल्यात रंगीत फुलांची यादी लांबतच जाते. खुळखुळा या मांडणीत धड बसत नाही, म्हणून बहुतेक याद्यांतून तो सुटतो. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं त्याच्याकडे मधासाठी येत नाहीत आणि त्यांच्या अळ्या त्याचा पाला खात नाहीत. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्धवट वाळलेल्या खुळखुळ्यावर हीच फुलपाखरं घोसाने लटकलेली दिसतात. ती तिथे एक रसायन गोळा करायला आलेली असतात, आणि ते रसायन त्यांना झाडाच्या जखमांमधून मिळतं. अळ्यांनी कुरतडलेलं पान, मोडलेली फांदी, काळी पडून उकललेली शेंग ही त्यांची आवडती ठिकाणं. टवटवीत, फवारलेलं, वेळच्या वेळी छाटलेलं झाड त्यांच्या फारसं कामाचं नसतं. पेरणीपासून काढणीपर्यंतचे निर्णय याच एका गोष्टीवर घ्यायचे असतात, म्हणून ती आधीच सांगितली.

कोणता खुळखुळा?

खुळखुळा हे एका झाडाचं नाव नाही. वाळलेली शेंग हलवली की आतल्या सुट्या बिया खुळखुळतात, एवढ्या खुणेवरून क्रोटॅलारिया वंशातल्या कितीतरी झाडांना हे नाव पडलं आहे. काही ठिकाणी घागरी म्हणतात. वंशाचं शास्त्रीय नावसुद्धा खुळखुळ्याच्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. जगात या वंशाच्या सुमारे ७०० प्रजाती आहेत आणि भारतात नव्वदच्या वर. बागेसाठी मी सुचवते ती क्रोटॅलारिया रेटुसा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नाव दिलेली ही प्रजाती रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर, कोकणात तर समुद्राजवळच्या वाळूतही वाढते.

ओळखायची ती पानावरून. पान साधं, एकेकटं, देठाकडे निमुळतं आणि टोकाला गोल. त्या गोल टोकाला मधोमध हलकी खाच असते. रेटुसा या शब्दाचा अर्थच तो, टोकाशी खाच असलेलं. झाड साधारण ६० सेंमी ते सव्वा मीटर उंच होतं. शेंड्याला २० ते ३० सेंमीचा उभा तुरा येतो. फुलं पिवळी असतात आणि वरच्या मोठ्या पाकळीवर तांबूस-जांभळ्या रेघा असतात. शेंग तीन-चार सेंमीची, फुगीर, गुळगुळीत, पिकल्यावर काळी. एका शेंगेत पंधरा-वीस बिया निघतात.

घोळ होतो तो मुख्यतः तागाशी. ताग याच वंशातला, क्रोटॅलारिया जुन्सिया. त्याचं पान अरुंद आणि टोकदार असतं, झाड दोन मीटरपर्यंत सरळ जातं आणि शेंगेवर मऊ लव असते. हा फरक नुसता हौसेसाठी शिकायचा नाही. काही भागांत तागाच्या कळ्या-फुलांची भाजी करतात. खुळखुळ्याची भाजी करायची नाही, कधीच नाही. कारण पुढे येईल. तीन पानांची त्रिदळं आणि खाली लोंबणाऱ्या बारीक शेंगा दिसल्या तर ती क्रोटॅलारिया पॅलिडा. खोड चौकोनी, पानाची कड नागमोडी आणि फुलं फिकट निळी-जांभळी असली तर ती क्रोटॅलारिया व्हेरुकोसा. तीही फुलपाखरांसाठी उत्तम आहे आणि अर्धसावलीत रेटुसापेक्षा बरी वाढते. जागा असेल तर दोन्ही लावाव्यात.

एक विनंती. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, जमिनीलगत पसरणाऱ्या, फक्त तिथेच वाढणाऱ्या काही छोट्या प्रजाती आहेत. त्या सुंदर दिसतात, पण जांभ्याच्या पातळ थराबाहेर बागेत टिकत नाहीत. त्यांचं बी आणू नये. कास पठारासारख्या संरक्षित जागेतून तर काहीच आणू नये. रेटुसाचं बी रस्त्याकडेला मुबलक मिळतं. तिथेही दहा शेंगांतली एक घ्यावी आणि बाकीच्या झाडाखाली पडू द्याव्यात.

बी आणि पेरणी

बी नोव्हेंबर ते जानेवारीत गोळा करायचं. शेंग पूर्ण काळी झाली आणि हलवल्यावर वाजली की तयार समजायची. तपकिरी, न वाजणारी शेंग तोडली तर आतलं बी सुरकुततं आणि उगवत नाही. शेंगा कागदी पिशवीत घालून तीन-चार दिवस सावलीत वाळवा. त्या आपोआप उकलून पीळ खातात आणि बी सुटं होतं. मग बी पाण्यात टाकून पाहा. तरंगलेलं बी पोकळ किंवा किडीने पोखरलेलं असतं, ते फेकून द्या. बुडालेलं पुसून पुन्हा दोन दिवस वाळवा आणि झाकणाच्या बाटलीत चुलीच्या राखेत घोळवून ठेवा. राख नसेल तर कडधान्याचा भुंगा त्यात शिरतो आणि मे महिन्यात बाटलीत पीठ उरतं. नीट ठेवलेलं बी काही वर्षं टिकतं, कारण त्याचं टरफल पाणी आत जाऊ देत नाही.

आणि हेच टरफल पेरताना आडवं येतं. बी तसंच पेरलं तर काही आठवड्याभरात उगवतं, काही पुढच्या महिन्यात, काही पुढच्या पावसाळ्यात. रानात हे झाडाच्या फायद्याचं आहे: मृगाच्या सरीनंतर पावसाने दडी मारली तरी सगळी पिढी एकदम जळत नाही. बागेत मात्र वाफा ओकाबोका राहतो आणि बी खराब निघालं असा समज होतो. म्हणून बियांवर प्रक्रिया करायची. दोन रीती आहेत.

पहिली, घासायची. मध्यम खरखरीत पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये वीस-पंचवीस बिया धरून मिनिटभर हलक्या हाताने फिरवा. बियांची चकाकी गेली की पुरे. आतला पिवळसर गर दिसू लागला तर जास्त झालं. असं बी जमिनीत कुजतं. दुसरी रीत गरम पाण्याची. पाणी उकळवून गॅस बंद करा, दोनेक मिनिटं थांबा, मग बियांवर ओता. पाणी बियांच्या पाचपट तरी हवं. ते थंड होऊ द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. बी आचेवर ठेवून उकळू नये, ते शिजतं. सकाळी फुगलेल्या बिया वेगळ्या काढून त्याच दिवशी पेरायच्या. न फुगलेल्या बिया पॉलिश पेपरवर घासून पुन्हा भिजवायच्या. मला घासण्याची रीत जास्त भरवशाची वाटते. थोड्या बियांसाठी गरम पाण्याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

पेरणीची वेळ जूनचा दुसरा पंधरवडा, म्हणजे जमीन वीतभर ओली झाल्यावर. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार सुरू झाली की लहान रोप पाण्याने आडवं होतं, म्हणून तिथे पहिल्याच चांगल्या पावसावर पेरून घ्यावं. मराठवाडा-विदर्भात जुलैच्या मध्यापर्यंत चालतं. त्यानंतर पेरलेली झाडं अंग धरायच्या आत फुलायला लागतात. फुलं येतात, पण फांद्या नसल्याने झाड लवकर संपतं.

बी एक ते दीड सेंटिमीटर खोल टाकायचं, त्याहून खोल नाही. एका ठिकाणी तीन बिया आणि दोन ठिकाणांत ४५ ते ६० सेंमी अंतर. चार ते आठ दिवसांत उगवण दिसते. रोपांना चार पानं आली की प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची मातीलगत कापावीत. उपटू नये, शेजारच्याची मुळं हलतात. एक चौरस मीटरला तीन-चार झाडं पुष्कळ होतात.

रोप पिशवीत करून लावता येतं का? येतं, पण सोटमूळ फार झपाट्याने खाली जातं. पिशवी अरुंद आणि उंच हवी आणि लावणी चार ते सहा पानांवर व्हायला हवी. दीड-दोन महिन्यांचं, मूळ गुंडाळलेलं रोप लावलं तर ते जगतं, पण खुरटंच राहतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलेलं असेल तर ते घेऊ नका. त्यापेक्षा मूठभर बी मागा.

माती, पाणी, खत

इथे चुका होतात त्या बहुतेक जास्त प्रेमापोटी.

खुळखुळ्याला दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पायाशी न थांबणारं पाणी हवं. मुरमाड, वाळूमिश्रित, जांभ्याची जमीन त्याला मानवते. काळ्या मातीतही तो येतो, पण पाणी तुंबलं तर ऑगस्टमध्ये खोड जमिनीलगत तपकिरी पडतं, साल मऊ होते आणि झाड दोन दिवसांत माना टाकतं. पानं कोमेजली म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि मर, म्हणजे हा झाड वाळवणारा रोग, शेजारच्या झाडांपर्यंत जाते. काळ्या मातीत २० ते २५ सेंमी उंचीचा वरंबा करा, त्यात एक चतुर्थांश मुरूम मिसळा आणि बी वरंब्याच्या माथ्यावर टाका. मर लागलेलं झाड मुळासकट काढून बागेबाहेर टाकायचं आणि त्या जागी दोन वर्षं ताग किंवा खुळखुळा घ्यायचा नाही.

खत जवळजवळ लागत नाही. हे कडधान्याच्या कुळातलं झाड आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादं फालतू रोप हलकेच खणून पाहा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ निकामी. युरिया किंवा भरपूर शेणखत दिलं तर झाड गाठी कमी करतं, कारण आयतं नत्र मिळतंय. पाला माजतो, खोड लुसलुशीत होतं, मावा लागतो आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात झाड आडवं पडतं. आधी कधीच कडधान्य न झालेल्या भरावाच्या मातीत गाठी धरत नाहीत. तिथे चवळी किंवा ताग होऊन गेलेल्या शेतातली दोन-तीन मुठी माती बियांच्या खाचेत मिसळावी.

पावसाळ्यात वरचं पाणी लागत नाही. लहान रोपं असताना दहा-बारा दिवस उघडीप पडली तरच एकदा द्यावं. ऑक्टोबरनंतर जमिनीतल्या झाडांना आठ-दहा दिवसांनी एकदा पुरतं. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडायचं, म्हणजे झाड शांतपणे वाळायला लागेल. ते का, ते खाली.

कुंडीत लावायचं असेल तर तोंडापेक्षा खोली बघा. ३० सेंमीपेक्षा उथळ कुंडी नको. दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा भरड वाळू आणि अर्धा भाग जुनं शेणखत. १४ इंची कुंडीत एक झाड, फार तर दोन. कुंडीला दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल. गच्चीवरच्या वाऱ्यासाठी एक काठी रोवून ठेवा.

झाड २५-३० सेंमी झालं की शेंडा एकदा खुडायचा. बाजूने चार-पाच फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला तुरा येतो. बहर दोनेक आठवडे उशिरा येतो, पण तुरे वाढतात. ऑगस्टच्या मध्यानंतर शेंडा खुडू नये.

बहर आणि भुंगे

जूनअखेरीस पेरलेला खुळखुळा साधारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत फुलतो. तुरा खालून वर उमलत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यावर खाली शेंगा, मध्ये फुलं आणि वर कळ्या असतात.

फुलाची रचना मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. वरची मोठी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूचे दोन पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. या नावेचं टोक चोचीसारखं वर वळलेलं असतं. पराग त्या चोचीतच सांडलेला असतो. जड भुंगा पंखांवर बसला की नाव खाली दबते आणि आतला केसाळ कुक्षिवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराची दांडी) पिचकारीच्या दट्ट्यासारखा परागाचा लोळा टोकातून भुंग्याच्या पोटावर ढकलतो. भुंगा उडाला की नाव पुन्हा जागेवर. कळीजवळचं ताजं फूल बोटांनी हलकेच दाबून पाहा, टोकातून पिवळा लोळा बाहेर येतो. हे काम लहान माश्यांना जमत नाही. त्याला निळा-काळा सुतार भुंगा किंवा पानं कापणारी मेगाकायली माशी लागते. तागाच्या बीजोत्पादनातही याच दोघांवर मदार असते.

म्हणून खुळखुळा लावताना भुंग्याच्या घराचाही विचार व्हावा. सुतार भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूच्या पोकळीत घर करतो. दीड-दोन सेंमी पोकळीचे वाळके बांबू, एका बाजूला पेराने बंद असलेले, पावसाचं पाणी लागणार नाही अशा वळचणीला आडवे बांधून ठेवा. बागेतली एखादी वाळकी फांदी तशीच राहू द्या. तुरे भरपूर आणि शेंगा मात्र तुरळक असं दिसलं तर खत घालू नका. आसपास कीटकनाशक मारलं जातंय का ते बघा.

अळ्या येतात तेव्हा

सप्टेंबरच्या मध्यापासून पानं आणि शेंगा खाल्ल्या जायला लागतात. नेमकं याच वेळी निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क किंवा बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) पावडर बाहेर निघते. ती कपाटातच ठेवा. सेंद्रिय असली तरी अळीला मारणारी किंवा खाण्यापासून परतवणारी फवारणी या झाडाचा हेतूच संपवते. कोण काय खातंय हे ओळखता आलं की मन घट्ट होतं, म्हणून थोडी ओळख.

कळ्या आणि कोवळ्या शेंगांत शिरणारी छोटी, चपटी, हिरवट किंवा तपकिरी अळी पी ब्लू या फुलपाखराची असते. तिच्या भोवती मुंग्या फिरताना दिसतात. अळीच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव त्या चाटतात आणि तिची राखण करतात. काळ्या अंगावर पांढऱ्या-नारिंगी खुणांची, विरळ केसांची अळी बहुधा उटेथिसा पतंगाची. तिचा पतंग पांढुरका, लाल-काळ्या ठिपक्यांचा आणि दिवसाही उडणारा. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेला पतंग अर्जिना. या दोन्ही पतंगांच्या अळ्या शेंग पोखरून आतलं बी खातात. शेंगेला गोल भोक आणि आत भुसा दिसला की समजावं.

या झाडात पायरोलिझिडीन वर्गातली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीत बनणारी विषारी रसायनं, असतात. सुरुवातीला म्हटलेलं रसायन ते हेच. रेटुसातलं मुख्य अल्कलॉइड मोनोक्रोटॅलिन, आणि ते सर्वांत जास्त बियांत असतं. गुरांना, घोड्यांना, माणसांना ते विष आहे. उटेथिसाच्या अळ्या मात्र ते अंगात साठवतात आणि पतंग झाल्यावरही सोबत नेतात. उटेथिसाच्याच वंशातल्या अमेरिकेतल्या पतंगावर थॉमस आइस्नर या कीटकशास्त्रज्ञाने काम केलं. असा पतंग जाळ्यात अडकला तर कोळी त्याला खात नाही; उलट जाळ्याचे धागे कापून त्याला सोडून देतो, असं त्यात दिसलं.

टायगर आणि क्रो फुलपाखरांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या अळ्या दुसऱ्याच झाडांवर वाढतात. प्लेन टायगरची अळी रुईवर, ब्लू टायगरची हिरणदोडीसारख्या वेलीवर, कॉमन क्रोची कण्हेर, वड, उंबर यांवर. प्रौढ झाल्यावर हे अल्कलॉइड त्यांना बाहेरून मिळवावं लागतं, आणि त्यासाठी मुख्यतः नर येतात. ते पायाच्या नख्यांनी जखमी किंवा वाळलेलं पान खरवडतात, सोंडेतून थेंब सोडतात आणि विरघळलेला रस परत शोषून घेतात. त्यापासून त्यांच्या शरीरात मादीला आकर्षित करणारं गंधद्रव्य बनतं. पोटाच्या टोकातून केसांचा झुबका फुलवून नर हा गंध मादीसमोर पसरवतो. उरलेल्या अल्कलॉइडचा काही भाग मीलनाच्या वेळी मादीकडे आणि तिच्याकडून अंड्यांत जातो, आणि अंड्यांचं रक्षण करतो. नराला हे रसायन मिळालं नाही तर त्याचा गंध फिका पडतो. मधाची कितीही फुलं लावली तरी ही उणीव भरून निघत नाही.

आता फुलपाखरांना पानांवरची जखम का लागते ते कळेल. धडधाकट हिरव्या पानाला जाड कातडी असते, नखीने ती सहज फाटत नाही. अळ्यांनी कडा कुरतडल्या, शेंगा भोकाळल्या, पाला सुकायला लागला की रस उघडा पडतो. म्हणजे सप्टेंबरातल्या अळ्या नोव्हेंबरातल्या फुलपाखरांसाठी वाट करून देतात. मधेच अळ्या मारल्या तर ही साखळी तुटते.

झाडावर अळ्या फारच असतील आणि बीही हवं असेल, तर दोन-तीन तुऱ्यांवर जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. भुंग्यांनी फुलं हाताळून शेंग धरल्यानंतरच बांधायची, आधी नाही. बाकीचं झाड अळ्यांना सोडा. शेंडे पूर्ण बोडके झाले तरी पावसाळ्यात झाड बहुतेक वेळा नव्याने फुटतं.

माव्यासाठी पाण्याची जोरदार पिचकारी पुरते. आठवड्याभरात ढालकिडे येतात आणि उरलेला फडशा पाडतात. गोगलगायी ही मात्र खरी अडचण आहे. जुलैच्या एका रात्रीत त्या उगवलेली सगळी रोपं मातीलगत कापतात. संध्याकाळी ओली गोणपाटं वाफ्याच्या कडेला टाकून ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. रोपं वीतभर झाली की हा धोका सरतो. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसते तेव्हा झाडाचं आयुष्य तसंही उतरणीला लागलेलं असतं, दुर्लक्ष करा.

वाळलेल्या झाडाचा वापर

नोव्हेंबरात पाणी तोडल्यावर पानं पिवळी पडून लटकतात. झाड उपटायची घाई करू नका. सकाळी आठ ते अकराच्या उन्हात, दवाचा ओलावा असताना सर्वाधिक फुलपाखरं येतात. दव नसेल तर स्प्रेच्या बाटलीने वाळक्या पाल्यावर साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा. रस विरघळायला ओलावा लागतोच.

बाग लहान असेल किंवा झाड सोयीच्या जागी नसेल तर जुड्या करा. अर्धवट वाळलेल्या, शेंगांसकट ३०-४० सेंमीच्या सात-आठ फांद्या एकत्र बांधून दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग ऊन येईल पण वारा लागणार नाही अशा जागी छातीच्या उंचीवर उलट्या टांगा. रोज सकाळी एक फवारा. बुरशी धरली की जुडी बदलायची. भुरुंडीच्या वाळलेल्या फांद्यांचाही असाच उपयोग होतो, त्यामुळे एका जुडीत दोन्ही चालतात. हिरव्या झाडावर फुलपाखरं बोलवायची असतील तर सकाळी चार-पाच पानं बोटांनी चुरगाळून झाडावरच राहू द्या.

बागेत जागा ठरवताना हे ध्यानात ठेवा की ऑक्टोबरनंतर झाडाचा खालचा भाग उघडा पडतो आणि वरचा फाटका दिसतो. पुढे तेरडा आणि मागे कोरांटी अशी मांडणी केली तर डोळ्याला खुपत नाही. सोसायटीच्या बागेत माळी ते साफ करून टाकतो, हा नेहमीचा अनुभव सगळीकडचा आहे. तिथे वाफ्याला छोटी पाटी लावावी: हे झाड फुलपाखरांसाठी वाळवलं आहे, जानेवारीपर्यंत काढू नये. आणि माळ्याला नोव्हेंबरात एकदा सकाळी नऊ वाजता तिथे उभं करावं.

विषाबद्दल

मोनोक्रोटॅलिन यकृत आणि फुप्फुसं दोन्ही बिघडवतं. प्रयोगशाळेत उंदरांमध्ये फुप्फुसांचा उच्च रक्तदाब निर्माण करायला हेच द्रव्य टोचतात, यावरून त्याची ताकद कळावी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात क्रोटॅलारिया खाल्ल्याने घोडे यकृताच्या विकाराने दगावतात. आपल्याकडे १९७०च्या दशकाच्या मध्यावर तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरड धान्यात क्रोटॅलारिया नाना या रानटी प्रजातीचं बी मिसळलं गेलं आणि ते धान्य खाणाऱ्यांना यकृताचा जीवघेणा आजार झाला.

त्यामुळे काही नियम मोडायचे नाहीत. चाऱ्याच्या किंवा धान्याच्या शेजारी हे झाड नको. शेळ्या, गाई, घोडे किंवा मोकळ्या कोंबड्या जिथे फिरतात तिथे नको. कोंबड्यांनाही बी बाधतं. ताज्या पाल्याचं आच्छादन पालेभाज्यांच्या वाफ्यात घालू नये. कंपोस्टमध्ये पूर्ण कुजल्यावर ते फुलझाडांना वापरावं. औषध म्हणून काढा, चूर्ण काहीही करू नये. लहान मुलांना वाजणारी शेंग हातात हवीच असते. शेंग वाजवून झाली की परत घ्यावी, फोडू देऊ नये, आणि हात धुवायला लावावेत. अगदी तान्ह्या किंवा सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरी कुंडीतला खुळखुळा दोन वर्षं थांबला तरी बिघडत नाही. झाडाला हात लावल्याने किंवा जवळ बसल्याने काही होत नाही, तेवढी भीती नको.

जानेवारीअखेर फुलपाखरांची वर्दळ ओसरते. तेव्हा झाड उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा. गाठींसकट मुळं जागेवर कुजली की त्यातलं नत्र पुढच्या झाडाला मिळतं. खोडं पोकळ बांबूंशेजारी रचून ठेवता येतात. वाफ्यात सांडलेलं बी जूनमध्ये आपोआप उगवेल. हवी तेवढी रोपं ठेवून बाकीची दोन पानांवर असतानाच खुरप्याने काढा, कारण महिन्याभराने ती मुळासकट निघत नाहीत. कुंपणाबाहेर, गुरं चरतात त्या बाजूला उगवलेलं रोप मात्र एकही ठेवू नका.